दुसरा कंट्रोलर घेऊन मी काय करू?

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांब होणार. ज्यांना गेम म्हणजे पोरं बिघडवायचं यंत्र वाटतं त्यांनी इथूनच पुढं सरकावं. माझ्या यादीत तसे फार जण नाहीत म्हणा, होते त्यांना मी कधीच म्यूट केलंय.

झालं असं, की लेकीची परीक्षा संपली. परीक्षेआधी तिला शब्द दिला होता, की गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम आणू आणि दोघं मिळून खेळू. गेम आणला, पाच हजारांच्या घरातला. तिच्यासाठी दुसरा कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा रिमोट, आणला, तो सहा हजारांच्या आसपास. आज सकाळी डिस्क टाकली. डिस्क असली तरी अपडेट उतरवायचाच, त्यात दुपार गेली. पोरगी तोवर सोफ्यावर कंट्रोलर मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी गेम सुरू झाला आणि मी मेन्यूत 'टू प्लेअर' शोधायला लागलो. मेन्यूत नाही. सेटिंगमध्ये नाही. मग फोनवर शोधलं. तर कळलं, एका कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) एकच माणूस. दुसऱ्याला खेळायचं असेल तर त्यानं त्याचा कन्सोल घ्यावा, त्याची डिस्क घ्यावी, त्याचा टीव्ही घ्यावा, वर ऑनलाइनचं सबस्क्रिप्शनही भरावं.

पोरीनं विचारलं, "मग बाबा, आतल्या खोलीत अजून एक टीव्ही घ्यायचा का?" आणि ती चेष्टा करत नव्हती.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "डब्याच्या मागं लिहिलेलं असतंय की साहेब, एक खेळाडू म्हणून." असतंय. मान्य. मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात असतंय. पण गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये दोघांना खेळता येतं का, हे डबा उलटा करून तपासायची वेळ माणसावर का यावी? शर्यत आहे ना ती? शर्यत कुणाशी लावायची असते?

आता तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं. सांगतो.

नव्वदच्या दशकात आम्ही सांगलीच्या गावभागात राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद यायला लागली, की सौदे, पट्ट्या, वजनं, हमालांचे हिशेब, सगळं उरकून ते अंधार पडल्यावर घरी यायचे. सदऱ्याची बाही पिवळी, भुवया पिवळ्या. त्याच काळात आमच्याकडं तो पांढरा-लाल टीव्ही गेम आला. चिनी नक्कल. खरा जपानी फॅमिकॉम १९८३ चा, पण सांगलीत खरा कुणी पाहिलाय? सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '९९९९९९ इन १' आणि आत मोजून आठ-दहा गेम, तेच फिरून फिरून. त्यात होता टँकचा गेम. बॅटल सिटी. १९८५ चा, नामको कंपनीचा. तुम्हाला नाव आठवत नसलं तरी तो सुरू होतानाचं संगीत आठवत असणार, पैज लावतो.

दोन टँक, एक पिवळा, एक हिरवा. खाली मधोमध विटांच्या भिंतीआड गरुड. वरून वीस शत्रू येणार, त्यांनी गरुड फोडला की खेळ खलास. अण्णा पहिल्यांदा शेजारी बसले ते मी आरडाओरडा का करतोय ते बघायला. मग म्हणाले, "दे बघू." आणि पिवळा टँक बघून खूश. "हा आपल्या हळदीचा." तेव्हापासून पहिला रिमोट त्यांचा आणि दुसरा माझा. आमच्या गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळं पॉज करायचा हक्कही त्यांच्याकडंच. आईनं चहा आणला की ऐन लढाईत पॉज. मी हिरवा टँक घेऊन शत्रूच्या तोंडाशी उभा, आणि हे बशीत चहा ओतून फुंकर मारतायत.

त्यांची खेळायची रीत ठरलेली. पुढं जायचंच नाही. गरुडाच्या बाजूला उभं राहायचं. "दुकान उघडं टाकून हिंडायचं नसतं." आणि मग डावीकडून एक टँक आला की हे गडबडीनं वळायचे, फायर दाबायचे आणि स्वतःच्याच भिंतीच्या विटा फोडून थेट गरुड उडवायचे! शत्रूला एवढं काही करावंच लागायचं नाही. मी किंचाळायचो, "अण्णाऽ गरुड!" आणि ते शांतपणे म्हणायचे, "आरं, त्याला मी हलवत होतो."

तर हा आमचा खेळ. यात ऑनलाइन काय होतं? सोफा पण नव्हता, सतरंजी होती.

म्हणून चीड येते. त्या जुन्या यंत्राची मेमरी किती माहिती आहे? २ किलोबाइट. आज माझ्या टीव्हीखाली जो पीएस५ (सोनीचा कन्सोल) बसलाय त्याची १६ गिगाबाइट. ऐंशी लाख पटींहून जास्त होते ती. त्या २ किलोबाइटमध्ये मी, अण्णा, वीस टँक आणि गरुड एवढे मावत होतो. या १६ गिगाबाइटमध्ये मी आणि माझी पोरगी मावत नाही?

हो, हो, माहितीय मला कारण. कुणीतरी इंजिनिअर कमेंटमध्ये समजावून सांगणारच आहे, त्याआधी मीच सांगतो. टँकच्या गेममध्ये अख्खं मैदान एकाच पडद्यावर. आताच्या गेममध्ये दोघं दोन ठिकाणी, म्हणून पडदा मधून वाटायचा, आणि तेच जग दोन जागांवरून दोनदा रंगवायचं. यंत्रावर ताण येतो. बरोबर आहे. पण मग दोघांसाठी चित्र थोडं साधं करा की! रस्त्याकडेच्या डबक्यात ढगाचं प्रतिबिंब नाही दिसलं तर माझी पोरगी तक्रार करणार नाही. तिला फक्त बापाच्या गाडीला मागून धडक द्यायचीय.

आणि या कारणावर माझा पूर्ण विश्वासही नाही. एकाच्या घरात दोन कन्सोल, दोन डिस्क खपल्या तर कुणाला नको आहेत?

हॅलोचंच बघा. एक्सबॉक्सवाल्यांचा (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) हॅलो हा गोळीबाराचा गेम २००१ मध्ये आला तेव्हा दोन मित्र एका टीव्हीसमोर बसून अख्खी मोहीम पार करायचे, त्यावरच त्याचं नाव झालं. २०१५ मध्ये हॅलो ५ आला आणि वाटलेला पडदा गायब. लोक खवळले. मग २०१७ मध्ये कबूल केलं, की पुढच्या प्रत्येक हॅलोत परत आणू. हॅलो इन्फिनिट आला २०२१ मध्ये. मोहीम दोघांनी एका टीव्हीवर खेळायची सोय नंतर देऊ म्हणाले. आणि २०२२ मध्ये ती रद्द केल्याचं जाहीर केलं. शब्द द्यायचा आणि फिरवायचा, यात आपले पुढारी तरी वेगळे काय करतात?

गंमत म्हणजे हा छंद जन्माला आला तोच दोघांसाठी. १९७२ चा मॅग्नावॉक्स ओडिसी, जगातला पहिला घरगुती कन्सोल. राल्फ बेअर नावाच्या माणसाचं डोकं. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. आवाज नाही, रंग नाही, टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचं रंगीत चित्र चिकटवायचं आणि समजायचं की हे टेनिसचं मैदान. गुणसुद्धा आपणच वहीत लिहायचे. त्या यंत्राला समोरून खेळता येईल एवढी अक्कलच नव्हती, त्यामुळं समोर दुसरा माणूस लागायचाच. डब्यातच दोन कंट्रोलर यायचे. दोन! आज पीएस५ च्या डब्यात एक येतो, आणि दुसरा मी वेगळे पैसे मोजून आणला, तर तो टीव्हीच्या बाजूला चार्ज होऊन पडलाय.

(चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.)

सगळंच वाईट आहे असं नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये पडदा वाटून खेळता येतं, मला कुणी आठवण करून द्यायला नको. मारिओ कार्ट तर चौघं खेळतात, पण निंटेंडोचा स्विच सांगलीत कुठल्या दुकानात सहज मिळतो ते आधी दाखवा. आणि इट टेक्स टू. २०२१ चा, स्वीडनच्या हेझलाइटचा. तो एकट्याला खेळताच येत नाही, मुद्दामच तसा केलाय. त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्तम गेमचा मान त्यानंच पटकावला, म्हणजे लोकांना हे नको आहे असं कुठल्या तोंडानं म्हणता? तो मी बायकोबरोबर खेळलो. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं इटुकल्या बाहुल्या होतं आणि परत माणसं होण्यासाठी धडपडतं अशी गोष्ट. जिनं आयुष्यात कधी गेमला हात लावला नव्हता ती रात्री भांडी आवरून म्हणायची, "लावतोस ना?" फक्त त्यात त्या कापडी हत्तिणीचा प्रसंग येतो. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलेना, जणू ते मी लिहिलं होतं.

ऑनलाइनचं पण एक मान्य करतो. धाकटा भाऊ पुण्यात असतो, तो रात्री हेडफोन लावून येतो, दोन तास बरे जातात. पण त्याच्या हातातला रिमोट मला हिसकावता येत नाही. त्याला कोपर मारता येत नाही. तो हरला की "नेट गेलं" म्हणतो आणि निघून जातो. सतरंजीवरून कुठं जाशील?

परवा अण्णांना हा नवा कंट्रोलर हातात दिला. आता पंचाहत्तरीला टेकलेत. त्यांनी तो उलटा करून बघितला, दोन्ही काड्या फिरवून बघितल्या. "यात फायर कुठाय?" मी दाखवलं. "मग हे बाकीचं कशाला?" मी सांगायला लागलो, की हा कॅमेरा, हे ब्रेक, हे... ते म्हणाले, "राहू दे. तू खेळ, मी बघतो." आणि खरंच बसून बघितलं, तासभर. मला ते बघणंच लागलं. ज्या माणसानं एका बटणावर माझ्या डझनावारी लढाया घालवल्या तो माणूस प्रेक्षक झालाय, आणि ते वयानं झालं असं मी अजिबात मानत नाही. त्या खेळात फावडं मिळालं की गरुडाभोवती थोडा वेळ लोखंडी भिंत उभी राहायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दोन संध्याकाळीत कळलं होतं. मला गोळी लागली की माझा टँक जागेवर खिळतो, हे तर एकाच संध्याकाळी कळलं, आणि मी फार पुढं पळायला लागलो की मुद्दाम मला पाठीत गोळी घालून थांबवायचे. "थांब की जरा, मला येऊ दे." असं म्हणून यायचे मात्र नाहीत. उभे गरुडापाशीच.

तो गेम २००५ च्या पुरात गेला. पाणी घरात शिरणार कळल्यावर आम्ही टीव्ही माळ्यावर चढवला, धान्य चढवलं, अण्णांच्या चोपड्या चढवल्या. गेमचा डबा कॉटखाली राहिला. नंतर कुणालाच त्याचं एवढं काही वाटलं नाही, कृष्णेनं त्याहून मोठं बरंच नेलं होतं.

बरं, मूळ मुद्दा. लेक आता तो शर्यतीचा गेम एकटीच खेळतीय, आणि छान खेळतीय. मी बाजूला बसून "डावीकडं, डावीकडं" करतोय आणि तिनं मला दोनदा गप्प बसवलंय. "आळीपाळीनं खेळा" असं सांगणाऱ्यांनो, तुम्ही कॅरमही आळीपाळीनं एकेकटेच खेळता का?

गेम परत करायचा प्रयत्न केला, उघडलेला डबा घेत नाहीत. ठीक आहे, नियम असेल. पण दुसरा कंट्रोलर मी वाया घालवणार नाही.

तर ऐका. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये कुणाकडं चालू अवस्थेतला जुना टीव्ही गेम आणि टँकची कॅसेट असेल तर मला इनबॉक्स करा, योग्य किंमत देईन. अडॅप्टर तापत असला तरी चालेल. पीएस५ वर एका टीव्हीवर दोघांना खेळता येतील असे गेम खाली लिहा, पण स्वतः खेळलेलेच लिहा. ओव्हरकुक्ड आणि कपहेड आहेत माझ्याकडं, ते सोडून. शनिवारी संध्याकाळी विश्रामबागला आमच्याकडं बसायचं ठरवतोय. भडंग माझ्याकडून. येताना आपापला कंट्रोलर आणा, माझ्याकडं दोनच आहेत. आणि "आपण ऑनलाइनच भेटू" असं ज्यानं लिहिलं, त्यानं शनिवारी येऊच नये.