सायलेन्सरची विश्वस्त

विश्वस्तपद आमच्या घराण्याला नवीन नाही. आजोबा गावच्या मारुतीचे विश्वस्त होते. दिव्याच्या तेलाचा हिशोब, नारळांचा लिलाव आणि दर हनुमान जयंतीला माइक चालू असल्याचं विसरून केलेलं भांडण, एवढी त्यांची कारकीर्द. त्यामुळे इथे टेक्सासात शेजारच्या म्हातारबुवांनी कुंपणापलीकडून "माझ्या ट्रस्टवर येशील का?" म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शाल-श्रीफळच आलं. हो म्हणून मोकळी झाले. ट्रस्ट कसला, हे नंतर विचारलं.

ट्रस्ट बंदुकीच्या सायलेन्सरचा होता.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणे, "दादाच्या बुलेटचा पडलाय माळ्यावर, पाठवू का?" मी हसले खरी, पण आई फारशी चुकली नव्हती. १९०९ साली ज्या हायरम पर्सी मॅक्झिमने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, त्यानेच इंजिनांचे सायलेन्सरही काढले. फक्त बुलेटच्या सायलेन्सरला गॅरेजवाला पुरतो, याला केंद्र सरकार लागतं.

बुवांची अडचण मात्र खरी. गावाबाहेर त्यांची शेती आहे आणि रानडुकरं एका रात्रीत मका आडवा करतात. कोकणात माझ्या मामाचं रडगाणं हेच. मामाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोरची आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. आचारसंहिता डुकरांना लागू नाही. इथे तसली कटकट नाही, बंदूक दुकानातून घेऊन येता येते. पण तिच्या तोंडाला बसवायची ती नळकांडी १९३४ च्या कायद्यात अडकलीय. ज्याच्या नावावर नोंद, त्यानेच ती बाळगायची. त्याच्या माघारी बायकोने तिजोरी उघडून हातात घेतली तरी पंचाईत.

बुवांची बायको वारली. मुलगा कॅलिफोर्नियात, तिथे सायलेन्सर जवळ ठेवणं हाच गुन्हा. मग उद्या आपलं काही झालं तर किल्ली द्यायची कोणाकडे? वकिलाने सुचवलं, मालकी ट्रस्टच्या नावाने घ्या. माणूस जातो, ट्रस्ट राहतो, आणि विश्वस्ताला वस्तू कायदेशीर जवळ ठेवता येते. त्यांच्या घराची जादा किल्ली तशीही माझ्याच फ्रिजवर लटकत असते. झालं, नेमणूक.

एके काळी ट्रस्टवाल्यांची चैन होती म्हणे. ठसे नकोत, फोटो नकोत. २०१६ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक 'जबाबदार व्यक्ती'चे, म्हणजे माझ्यासारख्या विश्वस्ताचेही, ठसे, फोटो, प्रश्नावली, शिवाय एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांना, असा सरंजाम सुरू झाला. १९३४ पासून चालत आलेला दोनशे डॉलरचा कर २०२६ च्या १ जानेवारीपासून सायलेन्सरपुरता शून्यावर आला, म्हणून बुवा खुशीत होते. कर गेला, कागद राहिले.

प्रश्नावलीत विचारलं होतं: फरारी आहात का? गांजा ओढता का? अमेरिकेचं नागरिकत्व कधी सोडलंय का? इथे पेन अडखळलं. सोडलं होतं, पण दुसरं. ते कोणी विचारत नव्हतं.

ठशांच्या कार्डावर 'इतर नावे' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे सुरुवात केली. माहेरचं नाव. सासरचं नाव. लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहिलेलं, जे त्यानंतर खुद्द नवऱ्यानेही घेतलेलं नाही. पाळण्यातलं. घरात बेबी. ठसेवाल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एवढी नावं घेऊन आजवर त्यांच्याकडे कोण आलं असेल, याचा विचार मी केला नाही.

"हात सैल सोडा, मी फिरवते," त्या म्हणाल्या. मी सैल सोडला. अंगठा मात्र आपल्या मनाने दाबत होता. आयुष्यभर कणीक मळलेला अंगठा तो. त्यांनी बोट काचेवर या नखापासून त्या नखापर्यंत लाटण्यासारखं फिरवलं. पडद्यावर गुळगुळीत राखाडी ठिपका उमटला. तर्जनी, तोच ठिपका. मधलं बोट, तोच.

"काम काय करता तुम्ही?"

"अकाउंट्स बघते."

"मग रेषा गेल्या कुठे?"

तव्यावर. सव्वीस वर्षं पोळ्या बोटांनी उलटल्या. त्याचे पुरावे असे सरकारदरबारी दाखल होतील असं वाटलं नव्हतं. लोशन चोळून झालं, ओला कपडा झाला, फुंकर झाली. शेवटी बाई म्हणाल्या, आठवडाभर हातांना आराम द्या आणि पुन्हा या. घरी हा निरोप दिला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठवडाभर ब्रेड खाल्ला आणि दहातली नऊ बोटं उमटली. दहाव्यावर बाईंनी तडजोड केली.

यथावकाश मंजुरी आली. बुवांनी विश्वस्तांना मानाने शेतावर नेलं, कानांवर मफ चढवले आणि एक बार काढला. चांगला मोठा आवाज झाला. म्हणजे कानठळ्या बसल्या नाहीत, पण दोन झाडांवरचे कावळे उठले.

"आवाज होतोच?" आईने विचारलं. "मग गं सायलेन्सर कसला?"

परवा बुवा पुन्हा कुंपणापाशी आले. कर शून्य झालाच आहे, तर दुसऱ्या रायफलीलाही एक घेऊन टाकावा म्हणतात. नवा अर्ज म्हणजे ठसे नव्याने. मी त्याच संध्याकाळी इंडियन स्टोअरमधून चिमटा आणला.