ड्रायव्हरचं नाव घ्यायचं नाही

वायफायला मी कधी मानलं नाही. मी पडलो करसल्लागार. बिल हातात आल्याशिवाय खर्च धरत नाही, आणि वायर दिसल्याशिवाय नेट धरत नाही. ती खटकन बसली पाहिजे, मागे हिरवा दिवा लुकलुकला पाहिजे. म्हणून ऑफिसमधल्या (म्हणजे पूर्वीच्या धान्याच्या खोलीतल्या) काँप्युटरला वायफायचं कार्ड बसवूच दिलं नाही. "राउटर दहा फुटांवर आहे, वायफाय कशाला?" असं म्हणून दुकानदाराकडे चारशे रुपये वाचवले.

त्या चारशे रुपयांची वसुली २० तारखेला झाली.

जीएसटीचं काम करणाऱ्याला २० तारीख म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो: महिन्याचं थ्री-बी हे रिटर्न भरायची शेवटची तारीख. चुकली की दिवसाला पन्नास रुपये लेट फी, वर व्याज, आणि त्याहून जड म्हणजे पार्टीचा फोन. माझी चार रिटर्न राहिली होती. त्यातलं एक सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचं. हा माणूस कर वेळेवर भरतो, पण ओरडून भरतो.

सकाळी आठला काँप्युटर चालू केला. रात्री त्याने आपल्या मनाने काहीतरी अपडेट करून घेतलं होतं, तसा निरोप ठेवला होता. खाली कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा, आणि त्याला सुतक असल्यासारखी काट. नेट नाही.

वायर काढून घातली. राउटर बंद करून चालू केला. वायर फुंकून घातली. फुंकण्याने काय होतं ते मला माहीत नाही, पण टेपरेकॉर्डरपासूनची सवय आहे.

मग नेटवाल्याचा मुलगा आला. आल्या आल्या त्याने वायर काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नेट धो-धो चालू. "आमच्याकडून ओके आहे सर," तो म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे, पण त्यात भटजींच्या 'स्वाहा'सारखी सफाई होती. तरी मी म्हटलं, "वायरचं टोक जुनं झालंय, बदलून बघ." तो नको म्हणत होता. मी आग्रह केला. त्याने चांगलं टोक कापलं, आतल्या आठ तारा पिंजारल्या आणि रांगेत लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीला मध्येच फोडून तिच्या पोटात निळी जोडी का बसवतात असं विचारलं तर म्हणाला, "तसंच असतं सर." नवीन टोक पक्कडीत दाबलं. गोळ्यावरची काट तशीच.

"मग ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असणार," असं म्हणून तो बॅग उचलून गेला.

आता इथे घरची एक अडचण सांगितली पाहिजे. आमचे अण्णा बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. सांगली-रत्नागिरी, आंबा घाट. ऑफिसच्या दाराबाहेरच त्यांची आरामखुर्ची असते. कान उत्तम.

"काय म्हणाला रं त्यो?"

"काही नाही अण्णा, ड्रायव्हरमुळं बंद पडलंय म्हणाला."

"गाडी बंद पडली की पहिलं ड्रायव्हरचं नाव घ्यायचं," अण्णा खुर्चीत सरळ झाले. "रस्ता कुणी बघायचा न्हाई, गाडी कुणी बघायची न्हाई."

त्यांना समजावलं की हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे. काँप्युटर आणि त्यातला एखादा भाग, यांना एकमेकांची भाषा कळत नाही. मधे बसून इकडचं तिकडे सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

"म्हंजे कंडक्टर," अण्णा म्हणाले आणि परत मागे रेलले.

पुण्याला भाचा आहे, तो कुठल्याशा कंपनीत काँप्युटरचंच काही करतो. त्याला फोन लावला. "मामा, डिव्हाइस मॅनेजर उघडा." उघडला. काँप्युटरच्या पोटातल्या यच्चयावत अवयवांची यादी. त्यात नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या नावावर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. त्यावर दोनदा टिचकी मारली तर खुलासा: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. उपकरण सुरू होत नाही म्हणून तर आम्ही तिथवर आलो होतो. सरकारी कचेरीत अर्जावर 'काम प्रलंबित आहे' असा शेरा मारून अर्ज परत देतात, त्यातला प्रकार.

"अनइन्स्टॉल करा," भाचा म्हणाला. "खाली एक चौकट येईल, ड्रायव्हर पण काढून टाकायचा का म्हणून. तिथं टिक करा. रिस्टार्ट केलं की आपोआप फ्रेश बसतो."

टिक केली. रिस्टार्ट केलं. आपोआप काही बसलं नाही. आता कोड १० जाऊन कोड २८ आला होता: या उपकरणाचे ड्रायव्हर बसवलेले नाहीत. आधी ड्रायव्हर होता आणि काम करत नव्हता. आता ड्रायव्हरच नव्हता. भाच्याने नंतर चार दिवसांनी कबूल केलं की तिथेच 'रोल बॅक' नावाचं एक बटण असतं, ते दाबलं असतं तर आधीचा ड्रायव्हर दोन मिनिटांत परत आला असता. पण आपण तो टाकून दिल्यावर परत बोलवायला मागे कुणी उरलं नाही.

"मग आता?"

"आता डाउनलोड करायला लागेल मामा."

"कुठून?"

"नेटवरून."

फोनवर दोन्हीकडे शांतता पसरली. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेट यायला ड्रायव्हर पाहिजे. घराची किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तसं झालं.

काँप्युटर घेतला तेव्हा खोक्यात एक सीडी आली होती हे आठवलं. माळ्यावर चढलो. आकाशकंदील, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, २०११ सालच्या पावत्या, त्यांच्याखाली खोकं, खोक्यात पाकीटबंद सीडी. धूळ झटकत विजयी मुद्रेने खाली उतरलो आणि सीडी हातात धरून काँप्युटरला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली. सीडी घालायला त्याला तोंडच नव्हतं. तेही मीच वाचवलं होतं. सातशे रुपये.

शेवटी भाच्यालाच सुचलं. "मामा, मोबाईल यूएसबीला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा." मोबाईल स्वतःच नेटवर्क कार्ड बनतो म्हणे, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. पाहुण्याची सोय आहे, घरच्याची नाही. पहिली केबल लावली तर मोबाईल नुसता चार्ज व्हायला लागला. ती केबल एका हातपंख्याबरोबर आलेली, तिच्या पोटात फक्त विजेच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच. मुलीची केबल मागून आणली. आणि दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गोळ्यावरची काट गेली.

मी मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेलो. मॉडेल विचारलं. मॉडेल बोर्डवर छापलेलं असतं म्हणून कॅबिनेट उघडलं. आत हळदीच्या रंगाची धूळ आणि पालीचं एक रिकामं अंडं. नंबर सापडेना. मग भाच्याने दुसरी वाट दाखवली: डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी म्हणून एक लांबलचक ओळ असते, त्यात पहिले चार आकडे कंपनीचे, पुढचे चार त्या चिपचे. गोत्र आणि नाव. इंटेलने तर आपल्यासाठी ८०८६ हे गोत्र घेतलंय. त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नावही तेच. गाडीला फॅन्सी नंबर घेतात तशी हौस दिसते. माझ्या चिपचं गोत्र निघालं वेगळंच, पण निघालं. साइटवर तिचे ड्रायव्हर तारखेप्रमाणे मांडून ठेवलेले होते, भाजीसारखे. मी अर्थातच सगळ्यात ताजा घेतला.

फाइल उतरत होती तेवढ्यात भाच्याने मला इथरनेट (म्हणजे हेच वायरचं नेट) या नावाची कथा सांगितली. हे नाव ठेवलं रॉबर्ट मेटकाफ यांनी, १९७३ साली, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत. सगळीकडे भरून राहिलेल्या, प्रकाशाला वाहून नेणाऱ्या ईथरवरून. आणि असा ईथर काही सापडत नाही हे मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगाने १८८७ सालीच दाखवलं होतं. म्हणजे जे नाहीच त्याचं नाव ठेवलेलं. मला आता कोड २८ चा राग येईना.

ताजा ड्रायव्हर बसवला. कोड १०. परत काढला, परत बसवला. कोड १०. चिडून यादीतल्या इतर उपकरणांचे ड्रायव्हर बघत सुटलो, तर माउसच्या ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६! माउस तर मी मागच्या दिवाळीत घेतला. कीबोर्ड, २१ जून २००६. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला म्हणून त्याला फोन लावणार, इतक्यात भाच्याने थांबवलं. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर ही तारीख मुद्दाम टाकलेली असते, म्हणाला. दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असले तर ज्याची तारीख नवी त्याला आधी संधी मिळते. म्हणून स्वतःच्या ड्रायव्हरांना जुनी तारीख देऊन ठेवायची, म्हणजे कंपनीने खास बनवलेला आला की तो पुढे जातो.

हे सगळं स्पीकरवर चाललं होतं. दाराबाहेरून आवाज आला. "म्हंजे सिनिऑरिटी उलटी हाय."

"हो आजोबा, नवीन आला की तोच ड्यूटीवर."

"रात्री बी तसाच आला न्हवं?" अण्णा आत आले आणि काँप्युटरकडे, घाटात बंद पडलेल्या गाडीकडे बघावं तसे बघत उभे राहिले. "काल रात्रीपर्यंत गाडी नीट व्हती. रस्ता त्योच. गाडी तीच. नवीन पोरगं बसवलं अन् सकाळी बंद. मग तुमी काय करताय, त्याच पोराला खाली उतरवताय अन् परत वर बसवताय. जुना माणूस बोलवा की."

भाचा फोनवर काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तीन वर्षांपूर्वीचा बघा बरं यादीत."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, नेट चालू दिसतंय की."

"ते मोबाईलचं आहे."

"मग रिटर्न मोबाईलच्या नेटवर भरता येत नाहीत का?"

मी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजले होते. एक दहापासून माझ्यासमोर चालू नेट होतं आणि मी त्यावर नेट दुरुस्त करत बसलो होतो. मोबाईलवर हळदवाल्याचे सात मिस्ड कॉल. "भरता येतात," मी म्हटलं, "पण हे काय, होतच आलंय." ती काही बोलली नाही, कप जरा जोरात ठेवला.

तीन वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर बसवला. पिवळा त्रिकोण गेला. मोबाईलची केबल उपसून काढली, राउटरची वायर खोचली, आणि काँप्युटरच्या मागे हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मी खाली वाकून बघत होतो, अण्णाही गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "डबल बेल," ते म्हणाले.

वेग मात्र १०० एमबीपीएसच दाखवत होता, काल १००० होता. भाच्याने खुलासा केला: शंभरला आठातल्या चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात, नवीन टोकात एखादी तार नीट बसलेली नसणार.

"रस्ता चांगला व्हता," अण्णा म्हणाले. "तूच खणून ठेवलास."

चारही रिटर्न सहा ते साडेआठमध्ये भरून झाली. हळदवाला नेहमीप्रमाणे ओरडला, पण चलन निघाल्यावर ओरडला, त्याला हिशेबात धरत नाही.

रात्री काँप्युटर बंद करताना खाली सूचना आली: नवीन अपडेट तयार आहेत, रिस्टार्ट करा. त्यात ड्रायव्हरही होता. भाचा म्हणाला, घाबरू नका, सेटिंगमध्ये जाऊन अपडेट थांबवून ठेवा, जास्तीत जास्त पस्तीस दिवस मिळतात. थांबवून ठेवले.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून अण्णा चष्मा लावून चौकटी मोजत होते. पस्तिसावी सापडली, तिथे आधीच बायकोने 'गॅस' लिहिलेलं होतं. त्याच्याखाली निळ्या पेनाने, त्यांच्या लॉगशीटच्या अक्षरात, अण्णांनी लिहिलं: नवा ड्रायव्हर हजर होणार. गाडी देऊ नये.