मावशी, पर्समध्ये रिव्हॉल्वर नको गं

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीने तो मेसेज टाकला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसमधल्या मैत्रिणींच्या, तुम्हालाही आला असेलच. मखमली डबीत ठेवलेल्या छोट्या रिव्हॉल्वरचा फोटो आणि खाली मुद्दे: छोटं आहे म्हणून बायकांना चालवायला सोपं, रिव्हॉल्वर कधी जाम होत नाही, पर्समध्ये टाकून लोकलने बिनधास्त फिरा, नुसतं दाखवलं तरी समोरचा पळतो, लायसन्स आता आरामात मिळतं, आणि आत्मसंरक्षणात गोळी मारली तर गुन्हाच लागत नाही. शेवटी "प्रत्येक बहिणीला पाठवा".

मी बोरिवली-चर्चगेट रोज करते त्यामुळे भीती काय असते ते मला कुणी शिकवायला नको. आणि माझ्या मामाकडे तीस वर्षं लायसन्सचं .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्वर होतं, मस्जिद बंदरला धंदा, नव्वदच्या दशकात व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन यायचे तेव्हा घेतलेलं. म्हणून बोलतेय.

फोटोतलं हत्यार खोटं नाही. ते निर्भीक, जानेवारी 2014 ला कानपूरच्या सरकारी कारखान्याने काढलेलं, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, बायकांसाठी म्हणून. वजन साधारण 500 ग्रॅम, .32 बोअर, सहा गोळ्या, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात, आणि डबी खरंच दागिन्याची असते तशी.

आता "छोटं म्हणून सोपं". सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण ऐकायला पटतं ना, छोटा स्क्रू ड्रायव्हर, छोटी सुरी, छोटी स्कूटर, सगळं सोपं. हत्यारात उलटं आहे. नळी आखूड झाली की पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणा, जवळ येतात. समजा दोघींमध्ये 10 सेंटीमीटर अंतर आहे आणि हात थरथरून पुढची साइट फक्त 1 मिलिमीटर सरकली, तर 7 मीटरवर गोळी 7 सेंटीमीटर बाजूला जाते, आणि घाबरलेला हात 1 मिलिमीटरवर थोडाच थांबतो. त्यात भर म्हणजे चाप. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) आधी मागे न ओढता नुसता चाप दाबायचा असेल तर अशा रिव्हॉल्वरला बऱ्याचदा साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. म्हणजे हातात अर्ध्या किलोची वस्तू आणि एका बोटाने पाच किलो ओढायचे, आणि तेवढ्यात नळी हलू द्यायची नाही! घरी पाच किलोची तांदळाची पिशवी एका बोटावर उचलून बघा. शिवाय हत्यार जेवढं हलकं तेवढा धक्का हाताला जास्त, कारण तो झेलायला वजनच नाही.

मामाला एकदा रेंजवर बघितलंय मी, सात मीटरवर कागद, सहा राऊंड, कागदावर भोकं दोन. त्यातलं एक कोपऱ्यात. माणूस तेव्हा पन्नाशीचा, हात हमालासारखे, समोर कुणी सुरा घेऊन उभं नाही, शांतपणे श्वास घेऊन मारलेले राऊंड होते ते. बाहेर येऊन म्हणाला, "चहा घेऊ आधी."

मेसेजबरोबर जो व्हिडिओ फिरतोय तो अमेरिकन आहे, त्यातलं दोन इंची नळीचं .38. ती सगळी परंपरा कोल्टच्या डिटेक्टिव्ह स्पेशलपासूनची, 1927 ची, नावातच आहे कुणासाठी ते, साध्या कपड्यात फिरणाऱ्या पोलिसांना कोटाखाली लपवता यावं म्हणून. पुढे 1950 ला स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल आलं. लपवायला सोपं म्हणून केलेली वस्तू आहे ती, नेम धरायला सोपं म्हणून नाही. आणि आपल्याकडे .38 प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणाऱ्या मापात जातं, परदेशी हत्यार साध्या माणसाला आयातही करता येत नाही, तेव्हा तो व्हिडिओ बघून काही ठरवू नका.

जाम होत नाही हे अर्धं खरं, ते मान्य. एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप दाबा, सिलिंडर (गोळ्या भरायचं गोल चक्र) फिरतो, पुढचं काडतूस समोर येतं, पिस्तुलासारखी स्लाइड ओढायची भानगड नाही. पण सिलिंडरमागे कचरा अडकला, गंज धरला, तर ते जाग्यावर दुरुस्त होत नाही. पर्समध्ये काय काय असतं ते मी सांगू का, बिस्किटाचा चुरा, केसांच्या पिना, सुटे पैसे, टिकल्यांचं पाकीट. आणि मुंबईचा पाऊस! जून ते सप्टेंबर मामा दर रविवारी पेपर पसरून तेलाच्या फडक्याने पुसत बसायचा, मामी ओरडायची की जेवायच्या टेबलावर नको म्हणून.

पर्सचा मुद्दा तर धोकादायकच आहे. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं तर त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात. लिपस्टिकशेजारी सुटं नाही. बहुतेक रिव्हॉल्वरला वेगळा सेफ्टी खटका नसतो, जड चाप हीच सेफ्टी, आणि त्या चापात पेन किंवा चावी अडकली की ती गेली. जुन्या बनावटीत तर पडलं तरी सुटू शकतं, म्हणून जुने लोक सिलिंडरमधलं घोड्याखालचं गोळीचं घर रिकामं ठेवायचे. 1 ऑक्टोबर 2024 ची बातमी आठवा, जुहूच्या घरी पहाटे बाहेरगावी निघायच्या गडबडीत गोविंदाच्या पायात स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली, घरात, कुणी हल्लेखोर नसताना.

आणि वेळ? डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलिसाने 1983 मध्ये दाखवून दिलं की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आपल्या वन बीएचकेचा हॉल 21 फूट असतो का हो? दीड सेकंदात पर्सची चेनसुद्धा उघडत नाही, माझी तर पास दाखवतानाही अडकते.

दाखवलं की पळतो म्हणे. नाही पळाला तर? मग एकतर मारा नाहीतर तो हिसकावून घेणार. शिवाय चारचौघांत हत्यार परजायला त्याच रूल्समध्ये मनाई आहे, लायसन्स जाऊ शकतं, धमकीचा गुन्हा वेगळा. मामाची कॅशची बॅग एकदा संध्याकाळी सँडहर्स्ट रोडला जिन्यावर खेचली, हत्यार कमरेला होतं, त्याने हात पण लावला नाही. जिना भरलेला, पुढे माणसं, मागे माणसं. "मारणार कुठे," म्हणाला, "चोर एक आणि पब्लिक दोनशे." मावशी, तू सांग, सहा एकोणपन्नासच्या फास्टला लेडीज डब्यात मारणार कुठे?

लायसन्सचं थोडक्यात. मुंबईत ते पोलीस आयुक्तांकडून मिळतं, वय 21 पूर्ण पाहिजे, पोलीस चौकशी, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि तुमच्या जिवाला नेमका काय धोका ते पटवून द्यावं लागतं, "जमाना खराब आहे" एवढं चालत नाही. मिळालं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं. निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस येऊ शकते, 2024 ला मामाने लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा असं दोनदा जमा केलं, पावती घेऊन रिक्षाने घरी. दुसऱ्या खेपेनंतर काढूनच टाकलं, डीलरला दिलं.

राहिलं शेवटचं, "गुन्हाच लागत नाही". कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो हे खरं, आधी आयपीसीत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44. पण त्यातच लिहिलंय की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो तो मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची भीती अशा मोजक्या प्रसंगांतच. बाइकवरून चेन खेचून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारलीत तर ते बचाव म्हणून खपणं अवघड. बाकी बरोबर मारलीत तरी हत्यार जप्त, चौकशी, वकील, तारखा, आणि तेव्हा खरंच इलाज नव्हता हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

मावशीने हे वाचून फोन केला, मग आम्ही काय करायचं म्हणून. पोलिसांचे 103 (मुंबईत बायकांसाठी) आणि 112 स्पीड डायलवर टाक म्हटलं, ट्रेनसाठी रेल्वे पोलिसांचा 1512. तिने नंबर लिहून घेतले आणि विचारलं, तो मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन कसा करतात, आता होत नाहीये.