माणसाला कॉट मिळंना, आन् हिला कुत्रं न्यायचंय

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर भांडण पेटलंय. लावून दिलं माझ्या पुतणीनं. ती शिरवळला व्हेटर्नरी शिकते. रंकाळ्याच्या कडेला सापडलेलं एक गावठी पिल्लू तिनं वाढवलं, सगळ्या लशी टोचल्या, नसबंदी करून घेतली, आणि आता त्याला घेऊन कोल्हापुरातल्या एका वृद्धाश्रमात सुट्टीच्या दिवशी तासभर जायचं म्हणते. थेरपी डॉग म्हणून, म्हणजे एकट्या, आजारी माणसांना सोबत करून मन हलकं करणारं कुत्रं म्हणून, फुकट. तिनं एवढंच लिहिलं होतं.

पहिलं उत्तर चुलतभावाचं. "हितं माणसाला कॉट मिळंना, आन् हिला कुत्रं न्यायचंय." त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मग एका मेव्हण्यानं सुप्रीम कोर्टाच्या बातमीचं कात्रण टाकलं. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलायला सांगितलंय. नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना शेल्टरमध्ये ठेवायचं, परत तिथं सोडायचं नाही. मेव्हण्याची टीप: "कोर्ट भाईर काढा म्हणतंय, ही आत घेऊन निघालीय." शेवटी आण्णांचा, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांचा निकाल आला. "आपल्याकडं माणसं आहेत. ज्यांना माणसं नाहीत त्यांना कुत्री लागतात."

हे शेवटचं वाक्य पुतणीसाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं. कारण कुत्रं घेऊन वॉर्डात फिरणारा ग्रुपवरचा एकमेव माणूस मी.

मी इंग्लंडात बार्न्सलीला राहतो, नोकरीला लीड्सला जातो. माझा मोती ग्रेहाउंड आहे. जन्म आयर्लंडचा. इथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळाला, मागच्या पायाला मार बसला आणि निकामी ठरला. (गोऱ्यांच्या प्राणिप्रेमाचा हा भाग मी ग्रुपवर सांगत नाही.) गडहिंग्लजला आत्याच्या वस्तीवर मुधोळ जातीची कुत्री असायची, तीच निमुळती मान, तीच आत ओढलेली कंबर. रेस्क्यू सेंटरच्या जाळीमागं हा दिसला आणि दुसरं कुठलं कुत्रं बघायला मी थांबलोच नाही.

आता ग्रुपवर ज्याला "तिकडचं फ्याड" म्हणतात ते काय असतं ते सांगतो. इथं पेट्स ॲज थेरपी ही संस्था 1983 पासून हे काम करते. कुत्रा निदान 9 महिन्यांचा लागतो आणि तुमच्याकडं 6 महिने तरी राहिलेला लागतो. मग परीक्षा. पट्टा सैल ठेवून चालवून बघतात, कान, पंजे, शेपूट चाचपतात, हातातला खाऊ दात न लावता घेतो का ते बघतात, आणि मध्येच पाठीमागं काहीतरी धाडकन पाडतात. कुत्र्यानं दचकलेलं चालतं, पण लगेच सावरलं पाहिजे. उड्या मारणारं, चाटत सुटणारं, पंजा टाकणारं कुत्रं बाद. म्हाताऱ्या माणसाची कातडी इतकी पातळ झालेली असते की एका नखानं फाटते. कच्चं मांस खाणारं कुत्रं चालत नाही, जंतूंच्या भीतीनं. कुत्र्याला हात लावायच्या आधी आणि नंतर ज्यानं त्यानं हात धुवायचे. मोतीला धड बसता येत नाही, ग्रेहाउंडला ते जडच जातं. पण म्हणूनच तो कॉटशेजारी उभा राहिला की त्याचं डोकं बरोबर माणसाच्या हाताशी येतं.

एवढं करून हक्क कसला? काहीच नाही. दृष्टिहीन माणसाच्या कुत्र्याला इक्वॅलिटी ॲक्ट 2010 प्रमाणे दुकानात, टॅक्सीत जाता येतं. थेरपी डॉगला तसं काही नाही, बोलावतील तिथंच जायचं. मोतीला घेऊन मी टेस्को सुपरमार्केटात शिरलो तर सिक्युरिटीवाला बाहेर काढेल, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा मेव्हण्यानं कोर्टाचा आदेश इथं लावू नये. आवारात मोकाट हिंडणारं कुत्रं आणि आतल्या माणसांनी बोलावलेलं, पट्ट्यातलं, परीक्षा झालेलं कुत्रं यांत फरक न करणारा माणूस कोर्टाच्या बाजूनं बोलत नाही, आळसाच्या बाजूनं बोलतो.

चुलतभावानं रेबीजचा आकडा टाकला: जगात रेबीजनं मरणाऱ्यांतले सुमारे 36 टक्के भारतातले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये वटवाघळं सोडली तर हा रोग जनावरांतून 1922 सालीच गेला. म्हणजे शाहू महाराज गेले त्या वर्षी. यावर मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मुद्दा खरा आहे, म्हणूनच मला तो आवडत नाही.

पण "कुत्र्यांचे लाड" म्हणणाऱ्यांना विचारायचं होतं, 2025 च्या जुलैत काय चाललं होतं? नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला अंबानींच्या वनतारात गेली तेव्हा याच ग्रुपवर रडारड होती. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचा व्हिडिओ दिवसभर फिरत होता. त्या रागात अंबानींच्याच जिओची सिमं बदलली गेली. ऑगस्टमध्ये नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत लोक चालत आले, त्यात आमच्या घरचेही होते. मीसुद्धा इथं ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तो व्हिडिओ बघितला आणि डोळे पुसून मीटिंगला गेलो. तेव्हा कुणी म्हणालं नाही, माणसाला कॉट मिळंना आन् हत्तीला काय घेऊन बसलाय. जनावराशी माणसाचं नातं असतं, हे कोल्हापूरला मी बार्न्सलीहून शिकवायचं? नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्तासमोर हात जोडणारं आमचं घर. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. तसबिरीतली चालतात.

आणि हसण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनाही लोक हसले होते. त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यासमोर एक अबोल मुलगा खुलला, ते त्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला व्यवसायातल्या लोकांपुढं मांडलं. तेव्हा त्यांना विचारण्यात आलं, फीमधला किती वाटा कुत्र्याला देता? आमचा चुलतभाऊ त्या सभेत शोभला असता. आता मुंबईच्या विमानतळावरसुद्धा 2023 पासून प्रवाशांचा ताण हलका करायला कुत्री आहेत. म्हणजे सुट्टीला येणाऱ्या माझ्यासारख्याला कुत्रं चालतं, वृद्धाश्रमातल्या आजीला नको.

राहता राहिले आण्णा.

मोतीला घेऊन मी ज्या केअर होममध्ये जातो तिथं ग्राइमथॉर्पच्या कोळशाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक आजोबा आहेत. खाण 1993 ला बंद पडली. आता बरंच विसरतात, जेवणाच्या वेळेवरून नर्सशी भांडतात, बाकी गप्प. पहिल्यांदा मोती त्यांच्या खुर्चीशी उभा राहिला तेव्हा त्यांनी कौतुकबिवतुक काही केलं नाही. मागच्या पायावरून अंगठा दाबत खाली नेला, दुखावलेल्या जागी थांबले, परत वर आले. मग एक कान उलटा केला, दुसरा उलटा केला. दोन्हीत शर्यतीच्या कुत्र्याच्या ओळखीचं हिरवट गोंदण. "आयरिश," म्हणाले. इथल्या कुत्र्याला एकाच कानात असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. खाणीवरची पोरं ग्रेहाउंड कशी पळवायची, मालीश कशानं करायची, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, आणि निघताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "चांगला ठेवलायस."

या देशात माझा पगार वाढला, पासपोर्ट बदलला, शेजाऱ्यांनी ख्रिसमसची कार्डं दिली. पण मला येत असलेल्या एखाद्या कामाबद्दल इथल्या माणसानं मला शाबासकी द्यावी, असं पहिल्यांदा झालं. आमच्या गल्लीत सगळे मोतीला नावानं हाक मारतात. मी मोतीचा माणूस. याचं मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटत नाही.

म्हणजे आण्णांचं खरं आहे. ज्याला माणसं नाहीत त्याला कुत्रं लागतं, आणि ते आधी मला लागलं.

पण आण्णांचं अर्धंच खरं आहे. वडील सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात होते तेव्हा वॉर्डात आत्या, शेजारी, तालमीतली दोन पोरं, गंगावेशीतून दूध घेऊन येणारा मामा, अशी गर्दी होती की सिस्टर ओरडायच्या. तिथं कुत्र्याला उभं राहायला जागा मिळाली नसती, आणि गरजही नव्हती. ते कोल्हापूर आण्णांच्या डोक्यात आहे. माझ्याही डोक्यात तेच आहे, फरक इतकाच की ते रिकामं करणाऱ्यांत मी होतो. आण्णांची दोन्ही नातवंडं हिंजवडीत. ग्रुपवर ज्यांनी हसणारी तोंडं टाकली त्यांतले निम्मे पुणे, बेंगळुरू आणि दुबईतून टाकत होते. "आपल्याकडं माणसं आहेत" हे लिहायला आपण सगळे आहोत, दुपारी चार वाजता दार उघडायला कोण आहे?

माझी आई कोल्हापुरात राजारामपुरीत एकटी असते. बाई येते, डबा येतो, टीव्ही चालू असतो. मी रोज व्हिडिओ कॉल करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का, इथं आमचं बोलणं संपतं. तिला माझ्या कामातलं कळत नाही, मला तिच्या भिशीतलं. मग ती म्हणते, "त्याला दाखव." मी फोन खाली धरतो. लहानपणी मी आणलेलं पिल्लू जिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं ती बाई मोतीशी दहा मिनिटं बोलते. काय खाल्लं, पाय दुखतो का, हा तुला फिरवतो का नाही. मोती ओळखीचा आवाज म्हणून कान टवकारतो. त्या दहा मिनिटांत तिच्या गुडघ्यांचं, शेजारच्या भांडणाचं, आत्याच्या ऑपरेशनचं सगळं मला कळतं. मला म्हणून ती यातलं काही सांगत नाही.

पुतणीला मी इथल्या परीक्षेची यादी मराठीत करून पाठवली. वृद्धाश्रमाला द्यायचं पत्र कसं लिहावं, कुणाला कुत्र्याची भीती आहे ते आधी विचारावं, लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवावं, असं बरंच. तिनं सगळं वाचलं आणि विचारलं, "काका, फाटकाबाहेर चार-पाच भटकी कुत्री बसलेली असतात. माझ्या कुत्र्याला त्यांच्यातून आत कसं न्यायचं, हे यादीत कुठं आहे?" कुठंच नव्हतं. इथल्या परीक्षेत भांडं पाडतात, फाटकावरची टोळी नसते. मी रिक्षा फाटकाच्या आत घेता येईल का ते बघ म्हणालो. ती म्हणाली, ते बघते, पण आधी एखाद्या घरी सराव करते.

काल ग्रुपवर तिचा मेसेज आला. रविवारी सकाळी ती राजारामपुरीत आज्जीकडं कुत्रं घेऊन जाणार आहे. आज्जीची अट एवढीच की स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. दोघींनी फोनवर ठरवून टाकलं होतं. मला कळलं ते बाकीच्यांबरोबर, आणि मी काही लिहायच्या आत चुलतभावाचं उत्तर आलं होतं: "कुत्र्यास्नी चपाती चालती का?"