भीती बाटलीची, निघाले बूट

आज पुन्हा तेच वाक्य. चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बातमीखाली कुणीतरी लिहिलंय, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" आणि खाली बदामांची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

अहो, घाबरलेले तर तुम्हीच आहात. म्हणून तर न वाचता होकार देताय!

विमानतळावरच्या बुटांचं बघा. २२ डिसेंबर २००१ ला पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीडने बुटातला बाँब पेटवायचा प्रयत्न केला. पेटला नाही. प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनीच त्याला धरलं. बुटात पीईटीएन नावाचं स्फोटक होतं. ते धातू नाही, त्यामुळे मेटल डिटेक्टरची चौकट त्यावर वाजत नाही. म्हणजे धोका खरा होता, मान्य. पण अमेरिकेत सगळ्यांनी बूट काढायची सक्ती झाली ती ऑगस्ट २००६ मध्ये. तेव्हा उघडकीला आलेला कट कसला होता? ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा. भीती बाटलीची, निघाले बूट. ही सक्ती उठली जुलै २०२५ मध्ये. मधली जवळपास १९ वर्षं कोट्यवधी माणसं मोज्यांवर उभी राहिली आणि बहुतेकांना त्यात सुरक्षित वाटलं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी होताना दिसायला हवं असतं. बूट काढणं दिसतं. गुप्तचर खात्यातला कुणी वेळेवर फाइल उघडतो, ते दिसत नाही.

कायद्यांचंही तेच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ४५ दिवसांत अमेरिकेत पेट्रियट अ‍ॅक्टवर, म्हणजे पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या कायद्यावर, सही झाली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १. तो एक म्हणजे सिनेटर रस फाइनगोल्ड. त्यातल्या १६ तरतुदींना २००५ अखेरची मुदत घातली होती. २००६ मध्ये त्यातल्या १४ कायमच्या झाल्या. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतरची आणीबाणी सहा वेळा वाढवली आणि २०१७ मध्ये उठवली, तेव्हा तिच्यातले बरेचसे अधिकार नेहमीच्या कायद्यात घेतले. आपल्याकडे पोटा हा दहशतवादविरोधी कायदा २००४ मध्ये रद्द झाला म्हणून टाळ्या पडल्या. त्याच वर्षी दहशतवादावरची कलमं यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्यांविरुद्धच्या जुन्या कायद्यात, आली आणि २६/११ नंतर, २००८ मध्ये, जामिनाची कडक अट आणि आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंतची कोठडीही आली. पोटाला निदान मुदत होती, यूएपीएला तीही नाही. नाव गेलं की लोकांना वाटतं कायदा गेला.

आता कॅमेरे. समजा दिवसाला १० लाख चेहरे पुढून जातात, त्यात पोलिसांना हवी असलेली माणसं १०. यंत्र हजारात एकदाच चुकतं म्हणू, म्हणजे फारच चांगलं. तरी रोज सुमारे १,००० निरपराध माणसांवर घंटा वाजणार. खरे दहाच्या दहा सापडले तरी शंभर घंटांपैकी ९९ खोट्या. आणि यंत्र स्वतः "हाच तो" असं म्हणत नाही. ते जुळणीचा आकडा देतं. किती आकड्याला घंटा वाजवायची ते माणूस ठरवतो. हल्ला झाला की "एकही सुटता कामा नये" म्हणून तो आकडा खाली आणतात, आणि खोट्या घंटा भसाभसा वाढतात. मग पडद्यासमोरचा शिपाई काय करणार? एकतर प्रत्येकाला अडवणार, नाहीतर कुणाकडेच बघणार नाही.

क्वचित दिसणारी गोष्ट डोळ्यांना हुकते, हे बॅगा तपासणाऱ्यांच्या बाबतीत केव्हाच कळलंय. म्हणून एक्स-रेच्या पडद्यावर मधूनच बंदुकीची खोटी प्रतिमा टाकतात, आणि युरोपात एका माणसाला सहसा सलग २० मिनिटांपेक्षा जास्त पडद्यासमोर बसवत नाहीत. चेहऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी असा नियम असावा असं कुणाला वाटलं का? नाही. कॅमेरा बसला, फीत कापली, झालं.

सगळेच उपाय दिखाऊ नसतात, हो. कॉकपिटचा मजबूत, आतून बंद होणारा दरवाजा स्वस्त आहे, कुणाची माहिती गोळा करत नाही आणि काम करतो. (२०१५ मध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने त्याच दरवाजाने कॅप्टनला बाहेर ठेवून विमान डोंगरावर आदळलं, १५० माणसं गेली. म्हणजे तोही फुकट नाही.)

आणि भीतीला मी हसत नाहीये. मुलं परत येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, तिथे कुणी आकडेमोड करत बसत नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लोक विमान सोडून गाडीने जाऊ लागले, आणि मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजाप्रमाणे वर्षभरात रस्त्यावर सुमारे दीड हजार जास्त माणसं मेली. बिचारे जीव वाचवायलाच निघाले होते.

राग आहे तो त्या भीतीवर सह्या गोळा करणाऱ्यांवर. तेव्हा पुढचा उपाय आला की बदाम टाकण्याआधी एवढं विचारा: मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि वाढवायची तर पुन्हा मतदान लागतं का? चेहरा जुळला नाही तर फोटो किती तासांत पुसतात? अतिरेक्यांसाठी घेतलेली यादी उद्या मोर्चेकऱ्यांसाठी वापरायला कायद्यात बंदी आहे का? खोटी घंटा वाजलेल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? आणि खोट्या घंटांचा आकडा दर वर्षी छापणार का? "नियम नंतर करू" असं उत्तर आलं, तर कॅमेरेही नंतरच बसवा म्हणावं.