टाकीची जागा

2002 साली होंडाच्या फिट या छोट्या गाडीने जपानमध्ये टोयोटा कोरोलाची सर्वाधिक खपाची 33 वर्षांची सद्दी मोडली ती ‘स्वस्त आणि कमी पेट्रोल पिणारी’ म्हणून, हे एका लेखात वाचलेलं विधान मला पटलं नाही. तशा छोट्या गाड्या तिथे आधीही होत्या. फिटचं खरं वेगळेपण म्हणजे पेट्रोलची टाकी मागून काढून पुढच्या सीटखाली बसवली. त्यामुळे मागची जमीन खाली गेली आणि चार मीटरच्या आतल्या गाडीत मोठ्या गाडीइतकी जागा निघाली. लेखात याचा उल्लेखच नाही!

आमच्याकडे 2015 ची जॅझ आहे (फिटचंच भारतातलं नाव). मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलली की खालपासून छतापर्यंत मोकळी जागा मिळते. कुंडीसकट उभं आंब्याचं कलम मी नर्सरीतून तसंच घरी आणलंय, एक फांदी न मोडता. 2018 च्या बदलांत भारतातल्या जॅझमधून नेमक्या याच सीट काढल्या, तेव्हा फार वाईट वाटलं. गाडीचा जीवच त्यात होता.