गेटवेला पाठ करा आणि शिवडीकडे चालू लागा

जळगाव-भुसावळकडचा माणूस मुंबईला गेला की गेटवे, चौपाटी, फार तर राणीची बाग करून रात्रीच्या गाडीने परत. ज्या गोद्यांमधून आपल्याकडच्या रुईच्या गाठी साता समुद्रापार गेल्या, तिकडे कुणी फिरकत नाही. माझ्या मते मुंबईत एकच दिवस असेल तर ससून डॉक ते शिवडी चालावं. साधारण १२ किलोमीटर, थांबत-थांबत पाच-सहा तास.

पहाटे सीएसएमटीला उतरून टॅक्सीने थेट ससून डॉक गाठा. १८७५ साली सुरू झालेली ही गोदी उजाडतानाच बघायची. ऊन चढलं की उरतो फक्त वास. जमीन बर्फाच्या पाण्याने आणि खवल्यांनी निसरडी असते, गुळगुळीत तळाची चप्पल नको. हातगाडीच्या वाटेत उभे राहू नका, ती थांबत नसते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा जाऊच नका.

आता खरं सांगायचं तर हा समुद्र बघत चालायचा रस्ता नाही. गेटवे सोडलं की आधी नौदलाची भिंत, बॅलार्ड इस्टेटच्या पुढे पोर्टाची. पी. डिमेलो रोडवर पाणी दिसतच नाही, दिसतात ट्रक. कॅमेरा पिशवीत ठेवा. नौदल आणि माझगाव डॉकजवळ फोटो काढाल तर तासभर जबाब देत बसाल. नकाशात सरळ दिसणारी गल्ली बरेचदा बंद गेटावर संपते, म्हणून मोठा रस्ता सोडू नका.

याच भिंतीमागे व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. आग कापसातच लागली होती. जिनिंगवाल्याला वेगळं सांगायला नको, पाणी मारलं की गाठ वरून विझलेली दिसते, पण दाबलेल्या रुईत आग धुमसतच राहते. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो यामुळेच.

भाऊच्या धक्क्यावर चहा घ्या, तिथे एकदाचं पाणी दिसतं. पुढे रे रोडच्या बाजूला बंदरांची नावं वाचत जा: लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर. यातलं ‘हे’ म्हणजे वाळलेलं गवत, म्हणजे आपली वैरण! जो माल उतरे तेच नाव. दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात, तिथे आत शिरू नका. पायाखाली पत्र्याचे तुकडे आणि तेल असतं. मग कॉटन ग्रीन. स्टेशनाच्या नावातच कापूस आहे. कुलाब्याचा कापूसबाजार इकडे हलवला तेव्हाचं.

शेवटी शिवडीची खाडी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. तापीचा पूर वर्षातून एखाद-दोनदा. इथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडालेला असतो. भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचायचं. वेळ काढायला कालनिर्णय पुरे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. सकाळी सहाला निघणाऱ्याने डिसेंबर ते मार्चमधली तृतीया ते पंचमी निवडावी, साडेबारापर्यंत शिवडीत आणि पक्षी समोर. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, तेव्हा ही चाल उलटी, शिवडीकडून सुरू करा.

रस्त्यात सावली कमी. माणशी दोन लिटर पाणी, आणि कळण्याची भाकरी-ठेचा बांधून घेतला तर उत्तम, शिळी झाली तरी चालते. परतीला शिवडीहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथे मेन लाइन बदलून कल्याण. भुसावळकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात.